शेटांचा ब्रंच

“नाश्ता नव्हे आणि जेवणही नव्हे. दोन्ही मिळून एकच,” तेंडोलकर शेट म्हणाले. “सकाळपासून पोटात काही घालायचं नाही, अकरा वाजता बसायचं आणि निवांत खायचं. ह्याला म्हणतात ब्रंच.”

“सकाळी थोडं खाल्लं तर?” मी विचारले.

“तर तो ब्रंच नव्हे. तो उशिरा केलेला दुसरा नाश्ता.”

व्याख्या निर्दोष होती आणि मी त्यांना तसे सांगितले. शेटना बरे वाटले. महिन्यापूर्वी मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात काजू निर्यातदारांची बैठक झाली होती. तिथून ते हा शब्द घेऊन आले होते आणि आता तो वापरण्याची संधी चालून आली होती. दुसऱ्या दिवशी कपाडिया नावाचे मुंबईचे मोठे खरेदीदार कारखाना पाहायला येणार होते. त्यांना अकरा वाजता बंगल्यावर ब्रंच द्यायचे ठरले होते.

“वहिनींना सांगितलंत?”

“सांगितलं. ती विचारते, चहा आधी द्यायचा की नंतर. मी म्हटलं, तेवढं त्या बैठकीत कुणी सांगितलं नाही.”

ही गोष्ट डिसेंबर १९८८ मधली. तेंडोलकरांचा कारखाना कुडाळपासून सहा किलोमीटरवर, माळावर होता. मी मिरजेची. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन वर्षभरापूर्वी तिथे माल तपासायला लागले होते. माझी प्रयोगशाळा म्हणजे बारा फूट लांब खोली, त्यात एक तराजू, ओलावा मोजण्याची छोटी भट्टी आणि कारखान्याचा एकुलता एक टेलिफोन. कारखान्यात धूळ नसलेली ती एकच जागा होती, म्हणून फोन तिथे.

ब्रंचचा बेत ठरला त्याच पंधरवड्यात शेटनी बायकांची साडेदहाची सुट्टी बंद केली होती. ह्या दोन गोष्टींत काही संबंध आहे, असे त्यांच्या मनात आले नाही. पहिल्या दिवशी माझ्याही आले नाही.

कारखान्यात बेचाळीस बायका काजू फोडायच्या. वाफवलेली बी यंत्राच्या दोन पात्यांमध्ये धरायची, पायाने पायटा दाबायचा, हाताने दांडा वळवायचा, की कवच उघडते आणि आतला गर अख्खा बाहेर येतो. हात किंचित चुकला तर गराचा तुकडा होतो. अख्ख्या गराला भाव असतो, तुकड्याला नसतो. आणखी थोडा चुकला तर पाते बोटाला लागते.

बायका पहाटे उठून, घरचे आवरून, कोरा चहा पिऊन साडेसातला कामावर येत. येताना प्रत्येकीच्या पदराच्या गाठीला मूठभर उकडे तांदूळ असत. आल्या आल्या ती मूठ बॉयलरजवळच्या मोठ्या टोपात रिकामी करायची, त्यात पाणी ओतायचे आणि कामाला लागायचे. काजूच्या टरफलांवर पेटणाऱ्या बॉयलरच्या धगीवर पेज आपोआप शिजायची. साडेदहाला सगळ्या उठायच्या, अर्धा तास बसून गरम पेज प्यायच्या. सोबत सुकट, आंबोशीचे लोणचे, जे असेल ते. घरी शेतावर असतानाही त्यांची पेज ह्याच वेळेला असायची आणि त्यांच्या आयांचीही.

शेटचे म्हणणे असे, की साडेदहाच्या सुट्टीने वाफेचा घाणा, म्हणजे एका वेळी वाफवायला घातलेला माल, अर्धवट राहतो. एक वाजता दोन घाण्यांच्या मध्ये सुट्टी दिली तर टरफल वाचते आणि कामही अखंड चालते. हे खरे होते. मी हिशेब करून पाहिला होता. म्हणून त्यांनी बारा दिवस एकची सुट्टी करून पाहायची आणि मी अहवाल द्यायचा असे ठरले. मालाचे नुकसान होत नाही असे दिसले, तर जानेवारीपासून साडेदहाची सुट्टी कायमची जाणार होती.

आदल्या संध्याकाळी मी अहवाल पुरा करत असताना आनंदी गावडे दारात येऊन उभी राहिली. आनंदी पन्नाशीची, बायकांमध्ये सर्वांत जुनी. तिच्या हाताखाली शंभरातल्या सहा बियांचेच तुकडे व्हायचे. इतरांचे तेरा.

“काय लिवलात, बाईनू?”

“खरं ते लिहिलं. आधी शंभरात तेरा तुकडे होत होते, आता चौदा होतात.”

“म्हणजे वाढले.”

“वाढले असं म्हणता येत नाही. एवढा फरक रोजच्या रोज पडतोच. सोमवारी बारा, मंगळवारी पंधरा.”

“आमच्या पोटात काय पडता, ता लिवलात?”

“ते मोजायचं साधन माझ्याकडे नाही.”

तिने माझ्या तराजूकडे पाहिले. “पेज एक वाजापर्यंत आटता नि तिचो भात होता. त्या भाताक ना पाणी, ना चव. अकराच्या सुमाराक हात थरथरता. समोर पाता असता.” थोडे थांबून ती म्हणाली, “उद्या बंगल्यार काय असा? वहिनी सकाळपासना धावतत.”

मी तिला ब्रंचची व्याख्या सांगितली, शेटनी सांगितली होती तशीच.

तिने ती लक्षपूर्वक ऐकली. “सकाळी काय खावचा नाय. अकराक बसान खावचा.”

“हो.”

“माझी भाची कळंगुटाक हॉटेलात असा. थय पावणे असाच करतत, ता म्हायत असा माका. त्येंका कोण आळशी म्हणत नाय.” ती हसली. “त्येनी खाल्ला तर ब्रंच, नि आमी खाल्ला तर कामाची खोटी.”

मी अहवालावर सही केली: फरक सिद्ध होत नाही.

दुसऱ्या दिवशी शेट आठ वाजताच इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांनी चहादेखील घेतला नव्हता. सव्वानऊला त्यांनी प्रयोगशाळेत डोकावून विचारले, “पाहुणे निघाले का? काही फोन?”

“निघाले आहेत,” मी म्हणाले.

“म्हणजे अकराला येतात.”

अकरा वाजले. पाहुणे आले नाहीत. शेट फाटकापर्यंत गेले आणि परत आले. साडेअकराला ते गोदामात गेले आणि पोती मोजणाऱ्या कारकुनाला, पोती चुकीची रचली म्हणून बोलले. पोती त्यांनीच रचून घेतली होती. बारा वाजता शेट प्रयोगशाळेत असताना वहिनी स्वतः बंगल्यावरून खाली आल्या. त्यांच्या हातात झाकलेली ताटली होती.

“दोन वडे खाऊन घ्या,” त्या म्हणाल्या. “तोंड बघा कसं झालंय.”

“मग ब्रंच कसला?”

“तुम्ही दोन वडे खाल्लेत ते पाहुण्यांना कळणार आहे का?”

“मला कळेल.”

“कोंबडी तीन वेळा गरम केली. आता तिचा रस्सा राहिला नाही.” वहिनी ती ताटली माझ्या टेबलावर ठेवून निघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, “तुम्ही तरी खा. तुमच्या पुस्तकात नसेल ना काही असं.”

मी एक वडा खाल्ला. शेटनी तो खाताना पाहिला आणि ते बाहेर गेले.

सव्वाबाराला मी नमुने आणायला काजू फोडणीच्या शेडमध्ये गेले. आनंदी मान वर न करता म्हणाली, “शेट आज तीनदा बोल्ले माका. एकदा पायट्यार, एकदा पदरार, नि एकदा कशार ता त्येंकाच कळूक नाय. पावण्यांची गाडी खय रवली?”

“कणकवलीला. बिघडली आहे. सकाळी नऊला फोन आला होता. एकपर्यंत पोचतील.”

तिचा पाय पायट्यावर थांबला. “शेटांका सांगलात?”

“त्यांनी विचारलं, निघाले का. मी म्हटलं, निघाले.”

आनंदीने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग शेजारच्या यंत्रावरच्या बाईला काहीतरी पुटपुटली. तिने पुढच्या बाईला सांगितले. पाच मिनिटांत बेचाळीस बायकांचे काम अत्यंत शांतपणे आणि चेहऱ्यावर काही न दाखवता चालू होते. त्यावरूनच बातमी शेवटच्या यंत्रापर्यंत पोचल्याचे मला समजले.

कपाडिया एक वाजून पाच मिनिटांनी आले. साठीचे, बारीक, हसतमुख गृहस्थ. उतरताच त्यांनी हात जोडले.

“माफ करा हं, तेंडोलकर. पंखा तुटला गाडीचा. मेकॅनिकने चार तास घेतले. पण त्याच्या बाजूला काय मिसळ होती. मी दोन प्लेट खाल्ल्या.”

“मग आता ब्रंच,” शेट म्हणाले. त्यांचा आवाज थोडा वर गेला होता.

“आता नको, पोट फुल आहे. अगोदर माल. फोडणी दाखवा मला. मी अख्खा माल घेतो, तुकडा घेत नाही. तो कसा निघतो ते डोळ्यांनी बघायचं आहे.”

एकची सुट्टी झालीच होती. बायका टोपाभोवती बसू लागल्या होत्या. शेड रिकामी होती. शेटना एखाद्या बाईला पुन्हा बोलावता आले असते, पण ते स्वतःच पहिल्या यंत्रावर बसले. हे समजण्यासारखे होते. पंधराव्या वर्षापासून वडिलांच्या हाताखाली त्यांनी काजू फोडले होते आणि त्यांच्याइतका सफाईचा हात त्या वेळी भागात नव्हता, असे गावात सगळे सांगत.

“दहा बिया,” ते म्हणाले. “बाई, मोजा.”

मी मोजल्या. पहिला तुकडा. दुसरा अख्खा. तिसरा, चौथा आणि पाचवा तुकडा. शेटच्या कपाळावर घाम आला होता, डिसेंबर असूनही. बोटांच्या टोकांना बारीक थरथर होती. सहावा अख्खा. सातवा तुकडा. आठव्याला पायटा हाताच्या आधी दाबला गेला.

आनंदी टोपापासून केव्हा उठून आली होती, ते मी पाहिले नव्हते. तिने दांडा मागे खेचला. नाहीतर अंगठ्याचे पेर राहिले नसते. पात्याने फक्त कातडी कापली होती. रक्त थोडेच आले, पण शेट पांढरे पडले.

“बसान रवा, शेटनू,” ती म्हणाली. “उठा नको.”

मी जखम बांधली. आनंदीने जर्मनच्या वाडग्यात पेज आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. पेज आटून जवळजवळ भातच झाली होती, म्हणून तिने वरून गरम पाणी ओतले होते. शेटनी एकदा कपाडियांकडे पाहिले आणि एकदा बंगल्याकडे. मग वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. मीठ आहे की नाही, हेही त्यांनी पाहिले नाही.

कपाडिया कुतूहलाने पाहत होते. “हे काय आहे?”

“पेज,” आनंदी म्हणाली. “आमची रोजची.”

“केव्हा खाता?”

“साडेधाक खायत होतो,” ती म्हणाली.

पाऊण वाडग्यानंतर शेटचा रंग परत आला. पंधरा मिनिटांनी ते हट्टाने पुन्हा यंत्रावर बसले. दहातल्या दोनच बिया तुटल्या. कपाडियांनी टाळी वाजवली. मी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि शेजारी खूण केली, की पहिली फेरी हा सराव ठरतो, त्यामुळे दुसरीशी तिची तुलना करता येत नाही.

शेवटी दोन वाजता ब्रंच झाला. मला बंगल्यावर बोलावले होते. कपाडियांनी कॉफी घेतली आणि शिष्टाचार म्हणून अर्धे ऑम्लेट. शेटनी पोहे, ऑम्लेट, पाव-लोणी, वडे, रस्सा नसलेली कोंबडी, वरणभात आणि सोलकढी असे त्या क्रमाने घेतले. वहिनींनी चहा आधीही दिला आणि नंतरही. चारला दहा मिनिटे असताना आम्ही उठलो. कपाडियांनी जाताजाता सहज म्हटले, “बरं झालं तुमच्या ह्या मॅडम होत्या. सकाळी नऊलाच यांना फोनवर सांगितलं, एक वाजेल म्हणून. नाहीतर तुम्ही बिचारे वाट बघत बसला असता.”

शेट हसले. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ते हसत होते. मग माझ्या पाठोपाठ प्रयोगशाळेत आले आणि दार लावून स्टुलावर बसले.

“किती वाजता आला फोन?”

“नऊ वाजून पाच मिनिटांनी.”

“आणि मी आलो होतो सव्वानऊला.”

“हो. तुम्ही विचारलंत, निघाले का. ते निघाले होते.”

“बाई, मी उपाशी होतो.”

“हो.”

“तुम्हाला ते ठाऊक होतं.”

“तुमचीच व्याख्या होती. एकपर्यंत उशीर आहे हे तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही दहाला काहीतरी खाल्लं असतं.”

“खाल्लंच असतं. ह्याच्यात नोकरी जाऊ शकते हे लक्षात आलं होतं?”

“आलं होतं. माणसाला न विचारता त्याच्यावर प्रयोग करणं अयोग्य आहे, हेही. ते मी केलं. तुम्ही सांगाल तर जाईन. पण त्याआधी ही दुसरी वही बघा.”

ती प्रथमोपचाराच्या पेटीची वही होती. पट्टी मागायला बायका माझ्याकडेच येत, म्हणून नोंद मी ठेवत असे. मी पान उघडून त्यांच्यापुढे केले. साडेदहाच्या सुट्टीचे आधीचे बारा दिवस: बोट कापल्याची एक घटना. एकच्या सुट्टीचे बारा दिवस: चार. चारही साडेदहा ते एकच्या दरम्यान.

शेटनी पान दोनदा वाचले. “हे अहवालात का नाही?”

“आहे. परिशिष्टात. एक आणि चार ह्यांतला फरक योगायोगानेही पडू शकतो. इतक्या लहान आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही.”

“मग सिद्ध कधी होईल?”

“हेच प्रमाण राहिलं तर अशा आणखी दोन फेऱ्यांनी. म्हणजे नव्या वेळेत तीन मिळून बारा जखमा. चार झाल्या आहेत.”

“म्हणजे आणखी आठ.”

“आणखी आठ बोटं,” मी म्हणाले. “तेवढी मिळेपर्यंत थांबणं मला जमेना. पण सिद्ध झालं आहे असंही मला लिहिता येईना.”

शेटनी आपल्या अंगठ्याच्या पट्टीकडे पाहिले. पट्टी मी नीट बांधली होती, तरी त्यांनी तिचे टोक पुन्हा दाबले.

“मग आजच्यानं काय सिद्ध झालं?”

“काहीच नाही. नमुना एकच.”

“तो एक मी आहे,” शेट म्हणाले.

ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, “आजचं अहवालात लिहू नका. आणि ह्यापुढे फोन आला की मला पूर्ण वाक्य सांगायचं.” नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. नंतर सात वर्षे मी तिथे होते आणि फोनवरचे प्रत्येक वाक्य शब्दशः कळवत होते, चुकीच्या नंबरावरचे धरून.

साडेचारला ते फोडणीच्या शेडमध्ये गेले. मीही गेले. यंत्रे थांबली.

“उद्यापासना सुट्टी साडेधाक,” शेट म्हणाले. “पयलीसारखी. वाफेचा घाणा काय तो माझो मी बगतंय.” बायकांत हालचाल झाली. आपण हरलो असे दिसू नये म्हणून असेल, किंवा कपाडियांना पुढच्या खेपेला सांगायला बरे म्हणून असेल, पण ते पुढे म्हणाले, “पण आता तेका पेजेची सुट्टी म्हणूचा नाय. आपल्या कारखान्यात तेका ब्रंच म्हणतले.”

काही बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आनंदी हसली नाही. ती विचार करत होती.

“सुट्टी केदी, शेटनू? अर्धो तास?”

“अर्धो तास. होती तेवढीच.”

“पेजेक अर्धो तास पुरता,” आनंदी म्हणाली. “ब्रंचाक कसो पुरतलो?”

शब्द शेटचा होता, व्याख्याही त्यांचीच होती आणि त्या व्याख्येत निवांत बसून खायचे असे स्पष्ट म्हटले होते. ते माझ्याकडे वळले.

“सांगा, बाई. तुम्ही सगळं मोजता. ब्रंचला किती वेळ लागतो?”

मी वही उघडली. “आज दोन वाजता सुरू झाला आणि तीन पन्नासला संपला. एक तास पन्नास मिनिटं. अर्थात नमुना एकच आहे.”

बेचाळीस बायका शेटकडे पाहत होत्या. शेट आपल्या अंगठ्याकडे पाहत होते.

“पंचेचाळीस मिनिटा,” ते म्हणाले. “आनंदी, पंचेचाळीस. ह्याच्या वर मागू नको.”

आनंदीने थोडा वेळ घेतला, जणू सवलत तिलाच द्यायची होती.

“चलात,” ती म्हणाली आणि तिने पुढची बी पात्यात धरली.